ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग: चालू कँपेनमध्ये वापरल्यावर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायच्या खेळाचं हे नियमपुस्तक आम्ही घेतलं ते नव्या सबक्लासेसच्या, म्हणजे पात्रांच्या वर्गांतल्या उपप्रकारांच्या हौसेने. गेल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त उघडली गेली ती पानं मात्र भलतीच निघाली. नवीन पात्र बनवताना ते जेवढं उपयोगी पडलं, त्याहून जास्त आधीच खेळात असलेली, कुठेतरी अडलेली पात्रं सुधारायला पडलं. बहुतेक परीक्षणं पुस्तक हातात आल्या आल्या लिहिलेली असतात, त्यामुळे ही बाजू त्यांत फारशी दिसत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी हे पुस्तक नोव्हेंबर २०२० मध्ये आलं. १९२ पानं, चार प्रकरणं: पात्रांसाठीचे पर्याय, पार्टीला (पात्रांच्या टोळीला) आश्रय देणारे पेट्रन, जादूचं सामान, आणि डीएमसाठीची, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीची साधनं. समासात ताशा या चेटकिणीच्या खोचक टिपा आहेत. काहींना त्या आवडतात, मला चौथ्या-पाचव्या टिपेनंतर त्या दिसेनाशा झाल्या. मी डीएम आहे, म्हणून हे सगळं पडद्याच्या अलीकडून लिहितेय. पुस्तक टेबलवर आलं तेव्हा आमची पार्टी पाचव्या लेव्हलला होती, आता नवव्या लेव्हलला आहे.

सुरुवात रेंजरपासून करते, कारण पुस्तकाचे पैसे तिथेच वसूल झाले. रेंजर म्हणजे रानात वावरणारा शिकारी योद्धा. आमचा रेंजर प्लेअर्स हँडबुक या मूळ नियमपुस्तकातला बीस्ट मास्टर (प्राणी सोबत घेऊन लढणारा सबक्लास), सोबत लांडगा. जुन्या नियमात लांडग्याने चावायचं तर रेंजरने स्वतःची ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च करायची. पाचव्या लेव्हलला त्या लांडग्याचे हिट पॉइंट्स (किती मार सोसतो त्याचा आकडा) जेमतेम वीस. एखादी फायरबॉल पडली की संपला, आणि नवा सोबती जोडायला आठ तास. परिणाम असा की आमचा रेंजर लढाई सुरू झाली की लांडग्याला मागे थांबवायचा. ज्याच्यासाठी सबक्लास घेतला, तोच प्राणी दाराबाहेर बसलेला.

ताशामध्ये याला प्रायमल कंपॅनियन हा पर्याय आहे. जमिनीवरचा, पाण्यातला आणि आकाशातला असे तीन स्टॅट ब्लॉक (प्राण्याच्या आकड्यांच्या तयार चौकटी). बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीने) हुकूम द्यायचा, म्हणजे रेंजरचा धनुष्यबाण मोकळा. जमिनीवरच्या प्राण्याचे हिट पॉइंट्स पाच अधिक रेंजरच्या लेव्हलच्या पाचपट, म्हणजे पाचव्या लेव्हलला तीस आणि आता नवव्याला पन्नास. आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) तेरा अधिक प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढणारा कसबाचा बोनस). वीस फूट सरळ धावत जाऊन धडक दिली तर जादा नुकसान, शिवाय समोरचा आडवा पडण्याची शक्यता. मेला तर तासाभरात हात लावून एक स्पेल स्लॉट (जादू करण्याची एक संधी) खर्च करायचा, मिनिटाने तो पूर्ण बरा होऊन उठतो. आकडे बदलल्यावर वागणंही बदललं. लांडगा पुढे, रेंजर मागे, आणि आता पार्टीतला प्रत्येकजण लांडग्याची धडक कुठल्या कोनातून लागेल याचा विचार करून आपली जागा निवडतो.

रेंजरचे बाकीचे बदल संमिश्र आहेत. डेफ्ट एक्स्प्लोरर उत्तम. एका कौशल्यात दुप्पट प्रोफिशियन्सी, दोन जास्तीच्या भाषा, सहाव्या लेव्हलपासून पाच फूट जास्त वेग, चढणं आणि पोहणंही. जुना नॅचरल एक्स्प्लोरर ठरावीक प्रदेशातच चालायचा आणि तिथे प्रवास इतका सोपा करायचा की प्रवासात काही घडतच नसे. फेवर्ड फो मात्र मला अर्धवट वाटला. शत्रूवर खूण करून दर टर्नला एकदा चार बाजूंच्या फाशाचं जादा नुकसान, पण त्यासाठी कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच जादूवर ठेवता येणारं लक्ष) धरायचं. हंटर्स मार्क ही रेंजरची नेहमीची खुणेची जादूही कॉन्सन्ट्रेशन मागते. दोन्ही एकत्र चालत नाहीत, त्यामुळे आमच्या रेंजरने ते दोनदा वापरलं आणि विसरला.

रोग (rogue, लपूनछपून वार करणारा क्लास) याला मिळालेलं स्टेडी एम हे एवढंसं फीचर. जागेवरून हललेलं नसेल तर बोनस ॲक्शनने त्या टर्नमधल्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा), आणि टर्न संपेपर्यंत वेग शून्य. लांबून बाण मारणाऱ्या रोगला स्नीक अटॅकसाठी (संधी साधून केलेल्या जादा नुकसानाच्या वारासाठी) दर टर्नला लपायची नाटकं करावी लागत, ती बंद झाली. डीएम म्हणून माझा जीव भांड्यात पडला, कारण ‘या खांबामागे लपता येईल का’ या वादात आमचे राउंडच्या राउंड जात होते.

पात्राचं मूळ बदलण्याचा नियम हा या पुस्तकातला सर्वांत गाजलेला वादाचा विषय. वंशामुळे मिळणारे गुणांचे बोनस हव्या त्या गुणावर हलवा, भाषा बदला, शस्त्रांची प्रोफिशियन्सी बदला, इतकाच नियम. आमच्या टेबलवर एकीला हाफ-ऑर्क विझर्ड खेळायचा होता. जुन्या नियमात हाफ-ऑर्कला ताकदीत दोन आणि काटकपणात एक, बुद्धीला काही नाही. ठरावीक आकड्यांतला सर्वांत मोठा पंधरा बुद्धीला दिला तर फाशात मिळवायचा बोनस दोन. ताशाप्रमाणे ताकदीचे दोन इकडे वळवले की सतरा, बोनस तीन. फरक एकाचा, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर वीसात एक. ‘एवढ्यासाठी वंशांची ओळख पुसायची का?’ असा सूर तेव्हा बराच लागला होता. मला तो पटत नाही. हाफ-ऑर्क शून्यावर येऊनही एका हिट पॉइंटवर उभा राहतो, हाफलिंग एकचा आकडा पडला की फासा पुन्हा टाकतो. खेळताना वंश जाणवतो तो अशा क्षणी, पात्रपत्रिकेच्या कोपऱ्यातल्या बोनसमुळे नव्हे.

या नियमाची एक पळवाट आहे, ती मात्र आधीच माहीत असलेली बरी. माउंटन ड्वॉर्फला मुळातच दोन गुणांना दोन-दोन मिळतात, वर हलकं आणि मध्यम चिलखत. ते बोनस बुद्धी आणि काटकपणाकडे वळवले की चिलखत घातलेला विझर्ड तयार, तोही कशाचाही त्याग न करता. आमच्याकडे कुणी तो मागितला नाही. मागितला असता तर दिला असता, पण मग बाकीच्यांच्या चेहऱ्याकडे बघून.

आता नवे सबक्लास. यातले काही खरं तर नवे नाहीत. आर्टिफिसर (जादूच्या वस्तू घडवणारा) हा पूर्ण क्लास २०१९ च्या, एबेरॉन या खेळातल्या जगाच्या पुस्तकात आला होता, ऑर्डर डोमेन आणि सर्कल ऑफ स्पोअर्स २०१८ च्या राव्हनिकाच्या पुस्तकात, ब्लेडसिंगिंग तर २०१५ पासून आहे. ती पुस्तकं घरात असतील तर इथे नवीन काय उरतं ते आधी मोजा.

जे नवे आहेत त्यांत रून नाइट सर्वांत मजेदार. हा फायटर राक्षसांच्या रून (जादूची अक्षरं) शस्त्रांवर कोरतो आणि लढाईत स्वतः मोठा होतो. त्याची क्लाउड रून म्हणजे माझ्यासाठी डोकेदुखी आणि टेबलसाठी करमणूक. जवळच्या कुणावर हल्ला लागला की तो तसाच, त्याच फाशाच्या आकड्यासह, दुसऱ्यावर वळवता येतो. माझ्या ओगरने हाणलेला क्रिटिकल हिट त्याच्याच मालकाच्या टाळक्यात बसला. तो खलनायक मी महिनाभर जपून आणला होता. शॉर्ट रेस्टनंतरच (छोट्या विश्रांतीनंतरच) पुन्हा वापरता येते म्हणून चालतं, नाहीतर मी सगळे शत्रू एकेकटेच पाठवले असते.

सॉर्सररची, म्हणजे जन्मजात जादू अंगी असलेल्या क्लासची गोष्ट जरा कडवट आहे. क्लॉकवर्क सोल आणि ॲबरंट माइंड या त्याच्या दोन नव्या सबक्लासेसना लेव्हलगणिक जास्तीच्या स्पेल्स मिळतात. पाचव्या लेव्हलला साध्या सॉर्सररला सहा स्पेल्स येतात, क्लॉकवर्कवाल्याला बारा. आमच्याकडे आधीपासून ड्रॅगनच्या रक्ताचा सॉर्सरर आहे. त्याने नवीन पान वाचलं आणि पुस्तक मिटून शांतपणे बाजूला ठेवलं. पुस्तकात सबक्लास बदलण्याची मुभा आहे, पण त्याला ड्रॅगनच हवा होता, आणि ते बरोबरच. शेवटी मी त्याला आग आणि भीतीशी जुळणाऱ्या स्पेल्सची तशीच एक यादी घरच्या घरी करून दिली. पुस्तकाने जुन्या सबक्लासेससाठी हे स्वतःच करायला हवं होतं. इतर क्लासेसची डागडुजी करताना इथे हात आखडला.

ट्वायलाइट क्लेरिकबद्दल (क्लेरिक म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारा पुरोहित) मात्र स्पष्टच लिहिते. हा सबक्लास परवानगी देण्याआधी डीएमने दोनदा वाचावा. दुसऱ्या लेव्हलपासून तो तीस फुटांचं संधिप्रकाशाचं वर्तुळ एक मिनिट धरतो. त्यात ज्याची टर्न संपेल त्याला सहा बाजूंचा एक फासा अधिक क्लेरिकची लेव्हल इतके तात्पुरते हिट पॉइंट्स, नाहीतर भीती किंवा मोहिनीतून सुटका. पाचव्या लेव्हलला सरासरी साडेआठ, प्रत्येकाला, दर राउंडला. छोट्या शत्रूंचे वार या कवचावरच विरतात. मग डीएम शत्रू मोठे करतो, आणि ज्या दिवशी वर्तुळ नसेल त्या दिवशी तेच शत्रू पार्टीला चिरडतात. वर जड चिलखत आणि तीनशे फुटांपर्यंत अंधारात दिसणारी नजर, तीही इतरांना वाटता येणारी. अंधारी गुहा हा प्रकारच संपला.

आमच्या क्लेरिकशी बसून बोलले. तिला ती भूमिका आवडत होती, शक्तीचं तिला फारसं नव्हतं. ठरलं असं: वर्तुळ लावताना सगळ्यांना एकदा, त्यानंतर दर राउंडला ती निवडेल त्या एकालाच. तेव्हापासून कुणाला द्यायचं यावर तिला विचार करावा लागतो, आणि तिच्या टर्नला लोक फोन बाजूला ठेवतात. पीस डोमेन हा क्लेरिकचा दुसरा सबक्लासही त्याच माळेतला आहे. पहिल्या लेव्हलपासून साथीदारांच्या हल्ल्यांना, चाचण्यांना आणि बचावाला चार बाजूंचा फासा. तो आमच्याकडे नाही, आणि मला त्याची उणीव भासत नाही.

याउलट स्पेल्समध्ये साथीला प्राणी वगैरे बोलावण्याचा जो नवा संच आहे, त्यासाठी या पुस्तकाला मी शंभर गुन्हे माफ करेन. जुन्या कॉन्ज्युअर ॲनिमल्सने आमची ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) एकदम आठ लांडगे आणायची. आठ हल्ले, आठ नुकसानाचे फासे, आठांच्या जागा. तिची टर्न म्हणजे चहाची सुट्टी. समन बीस्टमध्ये एकच प्राणी येतो, त्याचा स्टॅट ब्लॉक स्पेलखालीच छापलेला, आणि जितका वरचा स्लॉट तितका तो दणकट. मॉन्स्टर मॅन्युअल हे प्राण्यांचं वेगळं पुस्तक उघडावं लागत नाही. सामग्री म्हणून दोनशे सोन्याच्या नाण्यांचं सोनेरी ओकफळ लागतं, आणि ते मिळवण्यावरून आमच्याकडे एक आख्खी चोरी घडली.

पेट्रनचं प्रकरण आम्ही वाचलं आणि सोडून दिलं. पार्टी सुरुवातीलाच एखाद्या गिल्डच्या किंवा विद्यापीठाच्या छत्राखाली असेल तर त्याचा उपयोग आहे, मधूनच घुसवायला ते अवघड. अंगावर गोंदवायच्या जादूच्या टॅटूंची चित्रं सुंदर आहेत. कोडी तयार छापील पानांसह दिली आहेत, ती सोय चांगली, पण कोड्यांची काठिण्यपातळी माझ्या खेळाडूंच्या मूडवर अवलंबून असते, पुस्तकावर नाही.

डीएमच्या प्रकरणात माझ्यासाठी खरी कमाई साइडकिकची, म्हणजे पार्टीसोबतच्या दुय्यम साथीदाराची. अर्ध्या किंवा त्याहून कमी चॅलेंजचा (धोक्याच्या मापाचा) कुठलाही प्राणी किंवा माणूस घ्यायचा आणि त्याला योद्धा, जादूगार किंवा एक्स्पर्ट यांपैकी एक साधा क्लास द्यायचा. पार्टीने वाटेत पकडलेला एक गॉब्लिन वाटाड्या आता एक्स्पर्ट आहे. बोनस ॲक्शनने तो दुसऱ्याला मदत करतो, पार्टीबरोबर त्याची लेव्हल वाढते. कुणी एखाद्या सेशनला गैरहजर असलं की त्या जागी तो लढतो आणि हजर असलेल्यांपैकी एकजण त्याला चालवतो. त्याचा कागद अर्ध्या पानात मावतो. पूर्ण क्लासचं जास्तीचं पात्र मला असं कधीच सांभाळता आलं नसतं. त्याच प्रकरणातला सेशन झिरोचा भाग नवख्या डीएमने जरूर वाचावा. कुठले विषय टेबलवर चालतील, कुठले अजिबात नकोत, हे खेळ सुरू व्हायच्या आत कसं विचारायचं, ते तिथे सरळ शब्दांत आहे.

आता घ्यावं का? २०२४ चं नवीन प्लेअर्स हँडबुक वापरत असाल तर घाई नको. क्लॉकवर्क आणि ॲबरंट सॉर्सरर, सोलनाइफ, साय वॉरियर, सर्कल ऑफ स्टार्स, फे वाँडरर हे सगळे तिकडे सुधारून घेतले आहेत. स्टेडी एम आता प्रत्येक रोगला मिळतं, बीस्ट मास्टरचा प्राणीही मुळातच नव्या पद्धतीचा आहे, आणि गुणांचे बोनस वंशाकडून पार्श्वभूमीकडे गेले आहेत. तुमच्यासाठी उरतात ते साइडकिक, कोडी, पेट्रन आणि मागे राहिलेले काही सबक्लास. आधीच्या, २०१४ च्या नियमांवर कँपेन (सलग चालणारा खेळ) चालू असेल आणि टेबलवर एखादा रेंजर, सॉर्सरर किंवा मंक कंटाळलेला दिसत असेल, तर मात्र घ्या. टेबलवर एकच प्रत पुरते. पहिल्या प्रकरणातली क्लासनिहाय पर्यायी फीचर्सची पानं खेळाडूंना आधी वाचायला द्या, सबक्लास नंतर. आणि क्लेरिकचं पान देताना स्वतः शेजारी बसा.