बापूंचं दहा रुपयांचं तिकीट आणि माझे 16,750

तीस वर्षं तिकिटं गोळा करतोय. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

15 ऑगस्ट 1948 चा गांधींचा सेट: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडची. पहिली तीन माझ्याकडं होती. दहाचं मिळेना, त्या काळी पाकिटाला दहा रुपये लावणार कोण? त्यात 2024 ला बेळगाव अधिवेशनाची शंभरी आली. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, आणि ते आमच्या गावात. दहाचं हवंच, असं डोक्यात बसलं.

निपाणीच्या लॉजवर ते विकणारा एकजण भेटला. आजोबा पोस्टमास्तर होते म्हणे. (सगळ्यांचेच असतात.) 22,000 वरून 16,750 ला तुटलं. 5,000 फोनवरून, 11,750 रोख. पावती नाही. पावती नाही म्हटलं की उठायचं असतं; मी नोटा मोजत बसलो.

त्यानं अल्बमचं पान उलटलं, तर मागं तसंच आणखी एक. दोन्हींवर पोस्टाचा शिक्का, त्याच कोपऱ्यात, तितकाच तिरका. हातानं मारलेले दोन शिक्के असे तंतोतंत पडतील होय? मला ते दिसलं. दिसलं, आणि मी काय म्हणालो? "वा, दोन-दोन!" भिंग खिशात होतं. लाईट गेली होती, हेही खरं.

घरी भिंगाखाली चित्र आणि शिक्का दोन्हींत तेच रंगीत ठिपके. शिक्कासुद्धा छापलेला!

पोलीस ठाण्यात साहेबांनी तिकीट उलटसुलट बघितलं. "दहाच रुपये लिहिलंय की यावर." अर्ज कन्नडमधून पाहिजे, लिहून घ्यायला 150 गेले. मग म्हणाले, पैसे गेले ते खातं महाराष्ट्रातलं, तिकडं जावा. तिकडचे म्हणाले, व्यवहार कर्नाटकात झाला. 1956 पासून हेच चाललंय आमचं! झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, हे मला नंतर कळलं. तुम्ही ऐकून घेऊ नका, अडून बसा. ऑनलाईन पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर लावा. मी चौथ्या दिवशी लावला.

काल त्याच्या स्टेटसला पुन्हा तेच तिकीट होतं. शिक्का त्याच कोपऱ्यात. आता 19,000 म्हणतोय.