अबेमासिक्लिब की राइबोसिक्लिब? ऑपरेशननंतरची गोळी ठरवताना

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं उरकलं आणि आता डॉक्टर म्हणतायत हार्मोनच्या गोळीसोबत अजून एक गोळी चालू करू, दोन ऑप्शन आहेत, घरी बोलून सांगा. अशा बायकांसाठी लिहितेय. मी अबेमा घेतलीये, ओपीडीत ओळख झालेली एक मैत्रीण राइबो घेतेय, त्यामुळे दोन्ही जवळून बघितल्यात. हे फक्त हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी आणि हर-टू हे प्रोटीन जास्त नसलेली गाठ) वाल्यांसाठी हं, बाकीच्यांची औषधं वेगळी.

पहिलं म्हणजे चॉइस खरंच आहे का ते रिपोर्टमधे बघा. अबेमा कोणाला, तर काखेतले 4 किंवा जास्त लिम्फ नोड पॉझिटिव्ह (म्हणजे त्यात कॅन्सर सापडलेले) असतील, किंवा 1 ते 3 च असतील पण गाठ 5 सेंमी नाहीतर त्याहून मोठी किंवा ग्रेड 3 (वेगाने वाढणाऱ्या पेशींची). राइबोचं दार जास्त मोठं आहे, स्टेज 2 आणि 3, त्यात नोड क्लीन असलेल्या पण काही जणी बसतात. म्हणजे नोड क्लीन असेल तर अबेमाचा विषयच नाही. आणि हार्मोनची गोळी म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असेल तर उलटं, राइबो त्याच्याबरोबर देत नाहीत, लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोलच लागतं, आणि पाळी चालू असेल तर अंडाशय बंद ठेवायचं इंजेक्शन पण. अबेमा टॅमॉक्सिफेनबरोबर चालते, फक्त रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो, एकच पाय सुजला, दुखला किंवा दम लागला तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

आता घ्यायची कशी. अबेमा 150 मिलिग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ, रोज, 2 वर्षं, सुट्टी नाही. राइबो 400 मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच, 3 आठवडे घ्यायची 1 आठवडा बंद, पण 3 वर्षं. मैत्रिणीला तो सुट्टीचा आठवडा फार प्रिय आहे, पण नवीन पाकीट कधी उघडायचं हे विसरायला होतं म्हणून मोबाईलमधे अलार्म लावून ठेवलाय.

त्रासाचं बोलू, कारण खरा फरक इथेच आहे. अबेमा म्हणजे पोट. ट्रायलमधे 80 टक्क्यांच्या वर बायकांना जुलाब झाले आणि मी पण त्यातलीच, पहिला महिना तर घराबाहेर पडायचं म्हटलं की आधी बाथरूम कुठेय हा विचार. लोपरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) पर्समधे ठेवायचीच आणि पहिल्या पातळ शौचालाच घ्यायची, बघू उद्यापर्यंत असं करायचं नाही. ताकभात, मऊ खिचडी, केळं, आणि तिखट-तेलकट व दूध काही दिवस बंद. पुढे बरंच कमी होतं. नाही झालं तर डोस 100 वर आणतात, खूप जणींचा आणतात, आणि कमी डोसवाल्यांचा फायदा गेलेला दिसला नाही त्यामुळे हट्टाने सहन करू नका. रक्ताच्या रिपोर्टमधे क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलेलं दिसेल, ते बऱ्याचदा किडनी बिघडल्यामुळे नसतं, पण डॉक्टरांना दाखवाच.

राइबोमधे पोट बऱ्यापैकी शांत, त्रास रिपोर्टमधे दिसतो. पांढऱ्या पेशी कमी होतात, लिव्हरचे आकडे वाढू शकतात, आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून सुरू करायच्या आधी आणि साधारण दोन आठवड्यांनी ईसीजी. रक्त सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी. लॅब लांब असेल, सोबत यायला कोणी नसेल तर हे जड जातं. आणि एक लक्षात ठेवा, घसा धरला की मेडिकलवाला न विचारता अॅझिथ्रो (अॅझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक) देतो, उलटीला ऑन्डान्सेट्रॉन देतो, ही दोन्ही ठोक्यांवर परिणाम करणारी, राइबोवर असताना परस्पर घ्यायची नाहीत. नायट्यासाठीची इट्राकोनाझोल तर दोन्ही गोळ्यांना नको.

फायद्याचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. अबेमाच्या ट्रायलमधे 5 वर्षांनी कॅन्सर न परतलेल्यांमधे साडेसात टक्क्यांच्या आसपास फरक, राइबोच्या 4 वर्षांनी 5 च्या आसपास, पण राइबोमधे कमी रिस्कच्या पण बायका होत्या, त्यामुळे ही जास्त भारी असं म्हणता येत नाही. दोघीत बसत असाल तर माझं मत, पोट आधीपासून नाजूक असेल किंवा दिवसभर प्रवासाची, दुकानाची, वर्गात उभं राहायची नोकरी असेल तर राइबोचं विचारा. हृदयाचा जुना त्रास असेल किंवा लवकर संपवायचं असेल तर अबेमा.

नातेवाईक सांगतील पाल्बो (पाल्बोसिक्लिब, याच जातीची तिसरी गोळी) स्वस्त झालीये ती घ्या. झालीये खरी, 2023 पासून भारतात जेनेरिक मिळते, पण पसरलेल्या कॅन्सरमधे तिचा उपयोग आहे, सुरुवातीच्या स्टेजच्या मोठ्या ट्रायलमधे तिने फायदा दाखवला नाही. स्वस्त आहे म्हणून इथे नको.

खर्च दोन्हीचा मोठा, म्हणून कंपनीच्या पेशंट प्रोग्रॅमबद्दल चालू करायच्या आधीच विचारा. अबेमाचा एकदम तीन महिन्यांचा साठा तर घेऊच नका, 150 ची आणि 100 ची गोळी वेगळी येते, डोस कमी झाला की उरलेल्या स्ट्रिपा कपाटात पडून राहतात. राइबोला ही भानगड नाही, 200 च्या दोन गोळ्या असतात, कमी केला तर त्याच पाकिटातली एक घ्यायची.