फाउंड्री पॅटर्नच्या कामात थ्रीडी प्रिंटर : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरातील शिरोली औद्योगिक वसाहतीजवळ आमचे पॅटर्न बनवण्याचे दुकान आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केले तेव्हा सागवानाच्या फळ्या, रंधे, पटाश्या, कानशी आणि एक लाकडी कामाचे लेथ एवढेच भांडवल होते, आणि आजही आमचे निम्म्याहून अधिक काम लाकडातच होते. गेल्या नोव्हेंबरात मी एक थ्रीडी प्रिंटर घेतला. तो बंद कक्षाचा, कोअर-एक्सवाय रचनेचा आहे आणि त्यात लांबी, रुंदी व उंचीला २५६ मिलिमीटरपर्यंतची वस्तू छापता येते. या रचनेची यंत्रे आता अनेक कंपन्या बनवतात आणि मला लिहायचे आहे ते रचनेविषयी व पॅटर्नच्या कामातील तिच्या उपयोगाविषयी, म्हणून कंपनीचे नाव देत नाही.

ज्यांचा फाउंड्रीशी, म्हणजे धातूच्या ओतकामाशी, संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बिडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी त्याच्या आकाराचा पॅटर्न करावा लागतो. तो पेटीत ठेवून भोवती ओलसर माती ठोकतात, पॅटर्न अलगद उचलून घेतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. भागाच्या आत पोकळी हवी असेल तर वाळूचा कोअर त्या साच्यात बसवतात आणि तो कोअर घडवण्यासाठी वेगळा कोअर बॉक्स लागतो. पॅटर्न मातीतून सुटावा म्हणून त्याच्या उभ्या भिंतींना एक ते तीन अंशांचा टेपर, म्हणजे हलका उतार, द्यावा लागतो आणि बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसत असल्यामुळे पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. पंपाच्या इम्पेलरचा, म्हणजे पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाचा, कोअर बॉक्स हे आमच्या कामातील सर्वांत अवघड काम आहे, कारण त्यातील पाती दोन दिशांनी वळलेली असतात. असा एक बॉक्स सागवानात कोरायला आबांना आठवडा लागतो. त्यांच्या उजव्या खांद्याचे दुखणे वाढल्यापासून हे काम हळूहळू आमच्या हातून सुटू लागले होते, आणि मुख्यतः त्यासाठीच मी हे यंत्र घेतले.

प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेतील स्कॉट क्रंप यांनी तिच्या पेटंटसाठी १९८९ मध्ये अर्ज केला, १९९२ मध्ये ते मंजूर झाले आणि २००९ मध्ये त्याची मुदत संपली. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा खुला प्रकल्प सुरू केलेला होताच, त्यामुळे मुदत संपल्यावर स्वस्त यंत्रे झपाट्याने निघाली. मात्र त्या काळातील यंत्रे फार संथ होती. वेग वाढवला की ती थरथरत आणि वस्तूच्या भिंतीवर, विशेषतः कोपऱ्यांपाशी, पाण्यावरील तरंगांसारख्या रेषा उमटत. आमच्या कामात अशी प्रत्येक रेषा माती धरून ठेवते. नव्या यंत्रांनी या अडचणीवर शोधलेला उपाय मला यंत्र अभियांत्रिकीच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

जुन्या स्वस्त रचनेत बेड, म्हणजे ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट, स्वतः पुढे-मागे धावतो, म्हणजे वस्तू जड होत जाईल तसे हलते वजनही वाढत जाते. कोअर-एक्सवाय रचनेत दोन्ही मोटर चौकटीला पक्क्या बसवलेल्या असतात आणि दोन लांब पट्टे एकाच डोक्याला, म्हणजे तार वितळवून सोडणाऱ्या भागाला, ओढतात. दोन्ही मोटर एकाच दिशेने फिरल्या की डोके एका अक्षावर सरकते, परस्परविरुद्ध फिरल्या की दुसऱ्या अक्षावर सरकते, आणि एकच फिरली तर ते तिरके जाते. बेड फक्त थराथराने खाली उतरतो. मोटरचे वजन वाहावे लागत नसल्याने डोके हलके राहते आणि हलके असल्याने ते झटकन वळू शकते.

तरीही थोडी थरथर उरतेच, आणि ती घालवण्याचे काम गणित करते. कोणत्याही चौकटीला स्वतःची एक कंपनसंख्या असते. समजा ती सेकंदाला ५० आहे, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे झाले. डोक्याला द्यायचा धक्का दोन भागांत विभागून दुसरा भाग बरोबर १० मिलिसेकंदांनी उशिरा दिला, तर दुसऱ्या धक्क्याचे कंपन पहिल्याच्या उलट पडते आणि दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. या कल्पनेचे मूळ ऑटो स्मिथ यांच्या १९५७ मधील कामात आहे, तर अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील नील सिंगर आणि वॉरेन सीरिंग यांनी १९९० मध्ये तिला आज वापरले जाणारे रूप दिले. क्लिपर या मुक्त सॉफ्टवेअरने २०२० मध्ये ती थ्रीडी प्रिंटरमध्ये आणली आणि नंतर ती बहुतेक वेगवान यंत्रांत आली.

माझ्या यंत्राच्या डोक्यातच कंपन मोजणारा संवेदक आहे आणि चाचणी लावली की ते काही मिनिटे गुणगुणत स्वतःची कंपनसंख्या शोधते. पहिले दोन महिने मी यंत्र प्लायवूडच्या टेबलावर ठेवले होते आणि मधूनमधून भिंतींवर पुसट तरंग दिसत होते. जानेवारीत मी ते दुकानातील जुन्या बिडाच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मापे घेण्याच्या जड सपाट पाटावर, हलवले, चाचणी पुन्हा घेतली, आणि तरंग दिसेनासे झाले. यंत्राची जागा बदलल्यावर ही चाचणी पुन्हा घेणे मी आवश्यक मानतो.

वेगाच्या जाहिरातीबद्दल मात्र सावध करावेसे वाटते. सेकंदाला ५०० मिलिमीटर हा आकडा डोक्याच्या धावण्याचा आहे. ०.४ मिलिमीटरच्या नोझलमधून, म्हणजे प्लॅस्टिक सोडणाऱ्या बारीक तोंडातून, ०.४२ मिलिमीटर रुंद व ०.२ मिलिमीटर जाड रेघ त्या वेगाने ओढायची तर सेकंदाला ४२ घनमिलिमीटर प्लॅस्टिक वितळायला हवे, आणि माझ्या यंत्राचे तापनकेंद्र २२ च्या पुढे गेले की रेघ तुटक पडू लागते. म्हणजे प्रत्यक्षात वेग २६० च्या आसपास राहतो. त्या वेगानेही माझे काम उत्तम चालते, पण खरेदी करणाऱ्याने धावण्याच्या वेगापेक्षा वितळण्याची क्षमता आधी विचारावी.

पहिला पॅटर्न एका बेअरिंग हाउसिंगचा होता. छापून निघाला तेव्हा तो इतका देखणा दिसत होता की मी त्याला फक्त हलका सँडपेपर मारून फाउंड्रीत पाठवला. दुसऱ्याच दिवशी तिथल्या मोल्डरचा फोन आला, “दादा, पॅटर्न उचलताना माती तुटाय लागलीया, हात लावून बघा की एकदा.” मी जाऊन पाहिले आणि चूक माझ्या लक्षात आली. पॅटर्न पार्टिंगच्या, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्या, बाजूने बेडवर टेकवून छापला होता, त्यामुळे थरांच्या सर्व कडा उचलण्याच्या दिशेला आडव्या आल्या होत्या, आणि बारीक आट्यांनी धरावी तशी त्यांनी माती धरली होती. दोन अंशांच्या टेपरवर ०.२ मिलिमीटरच्या दोन थरांमधील पायरी मिलिमीटरच्या सात हजारांश भागाएवढीच असते, तेव्हा दोष पायरीचा नव्हता; प्रत्येक थराची गोलसर कड आणि दोन थरांमधील खाच यांचा होता. याउलट सपाटीशी केवळ दहा अंशांचा उतार असेल तर पायरी एक मिलिमीटरच्या पुढे जाते आणि ती डोळ्यांना सरळ दिसते. तेव्हापासून प्रत्येक पॅटर्नला पुट्टीचे दोन हात, मग पाण्याच्या सँडपेपरने घोटणे आणि शेवटी रंग, हा क्रम मी ठरवून टाकला आहे. छपाईला अकरा तास लागले तर या कामाला आणखी पाच-सहा तास धरावे लागतात. बेडला टेकलेल्या पहिल्या थराची कड किंचित बाहेर फुगते, तीही कानशीने काढावी लागते, नाहीतर कास्टिंगच्या पार्टिंगवर नको असलेली धार येते.

दुसरी चूक मला अधिक महाग पडली. सुरुवातीला मी सर्व काही पीएलए या प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये छापत होतो, कारण ते छापायला सोपे आणि मापाला इमानदार असते. मार्चमध्ये एका फाउंड्रीने पुन्हा वापरात घेतलेली माती पुरेशी थंड होण्याआधीच पेटीत भरली. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते. दोनशे मिलिमीटर लांबीचा तो पॅटर्न मधोमध दीड मिलिमीटर वाकला, आणि हे लक्षात येईपर्यंत चौदा साचे ओतून झाले होते. ती चौदाही कास्टिंग भंगारात गेली आणि त्यांची भरपाई मी केली, कारण प्लॅस्टिकचा पॅटर्न गरम मातीत चालत नाही हे सांगणे माझे काम होते. आता फाउंड्रीत जाणारा पॅटर्न मी ८० अंशांपर्यंत टिकणाऱ्या पीईटीजीचा किंवा १०० अंशांपर्यंत टिकणाऱ्या एएसएचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्लॅस्टिकचा, करतो. एएसए छापताना कक्ष बंदच लागतो, नाहीतर कोपरे बेडवरून उचलले जातात; शिवाय त्याचा वास आणि वाफा आरोग्याला चांगल्या नाहीत, म्हणून मी बाहेर हवा फेकणारा पंखा बसवून घेतला. पीएलए मी केवळ नमुना दाखवण्यापुरते ठेवले आहे, आणि ते छापताना उन्हाळ्यात कक्षाचे दार उघडे ठेवतो, कारण बंद कक्षाच्या उष्णतेने तार नोझलपर्यंत पोहोचण्याआधीच मऊ होऊन अडकते.

ज्यासाठी यंत्र घेतले, त्या कोअर बॉक्समध्ये मात्र त्याने माझी अपेक्षा ओलांडली. वळणदार पात्यांच्या इम्पेलरचा पहिला बॉक्स दोन भागांत एकूण एकोणीस तासांत छापून झाला आणि त्यावर मी एक पूर्ण दिवस हाताने काम केले. सहाही पात्यांमधील अंतर व्हर्निअरने मोजले तेव्हा फरक ०.२ मिलिमीटरच्या आत होता. हाताने कोरताना सहा पाती इतकी सारखी येणे किती कठीण असते, हे ज्याने पटाशी धरली आहे तोच जाणतो. आबांनी तो बॉक्स खिडकीशी नेला, दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवून उजेडात धरले आणि फट शोधली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एका पात्याच्या मुळाशी फिलेट कमी आहे, तिथं वाळू तुटेल.” ते बरोबर होते. चित्रात मी तीन मिलिमीटरऐवजी एकच मिलिमीटर गोलाई दिली होती. दुरुस्ती करून तो अर्धा रात्रीत पुन्हा छापला. लाकडात असती तर ही चूक मेण किंवा पुट्टी भरून झाकावी लागली असती.

हे बॉक्स मी फक्त सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडच्या पद्धतीने होणाऱ्या कोअरसाठी देतो, कारण तिथे वाळू खोलीच्या तापमानालाच घट्ट होते. शेल कोअरला, म्हणजे उष्णतेने घट्ट होणाऱ्या वाळूच्या कोअरला, तापवलेला धातूचा बॉक्स लागतो, तिथे प्लॅस्टिकचा विचारही करू नये. तसेच वाळूतील सिलिका कोणत्याही प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण असते. दोन-तीनशे पेट्यांनंतर पॅटर्नच्या कडा गोल होऊ लागल्याचे मला दिसले आहे, आणि यंत्राने दाबून माती भरणाऱ्या एका फाउंड्रीत आतून विरळ जाळी असलेला पॅटर्न चक्क दबला. हाताने ठोकण्याच्या कामाला मी आता पाच भिंती आणि पंचवीस टक्के भरण ठेवतो. ताकद भरणापेक्षा भिंतींच्या संख्येने वाढते. मोठ्या संख्येचे काम असेल तर ग्राहकाला ॲल्युमिनियमचाच पॅटर्न सुचवतो. तोही छापलेल्या मूळ पॅटर्नवरून ओतला जातो, म्हणून ॲल्युमिनियमचा सुमारे १.३ टक्के आणि बिडाचा एक, असे दोन्ही आकसणे धरून मूळ पॅटर्न २.३ टक्के मोठा छापला की झाले. लाकडात त्यासाठी दुहेरी आकसाची वेगळी मोजपट्टी शोधावी लागते. एएसए स्वतःही थोडे आकसते, म्हणून नवीन रीळ लावले की शंभर मिलिमीटरचा एक तुकडा छापून मोजतो आणि तेवढी वाढ आधी जमा करतो.

पावसाळ्याबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण परदेशी परीक्षणांत आपल्याकडचा जुलै नसतो. उघडे ठेवलेले पीईटीजीचे रीळ येथे दोन दिवसांत इतके दमट होते की नोझलमधून तडतड आवाज येतो, भिंतीवर बुडबुडे दिसतात आणि दोन कडांमध्ये केसांसारखे धागे लोंबतात. मी रिळे वाळवण्याची पेटी घेतली. पीईटीजी ६५ अंशांवर सहा ते आठ तास वाळवतो आणि छपाईही त्या पेटीतून तार ओढूनच करतो. यंत्राच्या बजेटमध्ये ही पेटी पहिल्या दिवसापासून धरावी. दुसऱ्या बाजूने पाहता तयार पॅटर्नला पावसाळ्याचा काहीच त्रास नाही. सागवानाचा पॅटर्न ओल्या मातीत राहून फुगतो आणि जोड उघडतात. छापलेले पॅटर्न ऑगस्टमध्ये मोजले तेव्हा एप्रिलमधीलच माप मिळाले.

देखभाल फारशी नाही. नऊ महिन्यांत दोन नोझल बदलले, पट्टे एकदा ताणले, सरकपट्ट्या महिन्यातून एकदा पुसून तेल देतो. लोहचुंबकावर बसणारा स्प्रिंग स्टीलचा लवचीक पत्रा ही साधीशी सोय मला फार आवडते, कारण पत्रा काढून किंचित वाकवला की वस्तू आपोआप सुटते आणि पटाशी घालून ती उचकटावी लागत नाही. वीज गेल्यावर यंत्र थांबलेल्या ठिकाणापासून पुढे छापते खरे, पण तोवर बेड थंड होऊन वस्तू सुटलेली असेल तर त्या सोयीचा उपयोग नसतो. तीन मोठी कामे अशी वाया गेल्यावर मी यूपीएस घेतला.

या आठवड्यात ३४० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचे काम आले आहे. ती बेडवर मावत नाही आणि चार तुकड्यांत छापून चिकटवलेले मोठे वर्तुळ माझ्या अनुभवानुसार गोलाईत बसत नाही. म्हणून बाहेरचे कडे आबा सागवानाच्या तुकड्यांतून जुळवून लेथवर फिरवत आहेत, आणि मधल्या वळणदार आऱ्यांचा कोअर बॉक्स यंत्रावर चालू आहे. त्यात आऱ्यांच्या मुळाशी या वेळी तीन मिलिमीटरची गोलाई आधीच दिली आहे.