मिनरल मिक्श्चर, सोडा, बायपास फॅट: वर्षभर चारून पाहिल्यावर

आमच्या गोठ्यात सगळ्या संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई. भाग संगमनेरचा, म्हणजे चाऱ्यात मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), मेथी घास आणि साखर कारखाना पेटला की उसाचे वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. खुराकातून वरून काय काय दिलं आणि कशाचे पैसे फिटले, ते सांगतो. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. फरक नावात नसतो, पोत्यावरच्या बारीक छपाईत असतो.

सगळ्यात आधी गुण आला तो सर्वांत स्वस्त गोष्टीचा, खायच्या सोड्याचा. मुरघास आणि मका भरडा जास्त झाला की पोटात आम्ल वाढतं, शेण पातळ नि फेसाळ पडतं, गाय बसून रवंथ करत नाही आणि डेअरीवर फॅट ३.२ लागते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दर ठरतो, त्याखाली गेलं की पॉइंटागणिक कपात. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ तयार करते आणि त्या लाळेतला सोडाच तिचं पोट सांभाळतो. रवंथ घटली की लाळ घटली. गाईमागे रोज १०० ग्रॅम सोडा दोन वेळच्या आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) वाटून दिला. शेण घट्ट झालं, फॅट पुन्हा साडेतीनवर आली. त्याच सुमारास चाऱ्याची कुट्टीही जरा लांब कापायला लागलो होतो, तेव्हा सगळं श्रेय सोड्याला देऊ नका. उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या गाईंना मात्र तो लागतोच.

मिनरल मिक्श्चरचं, म्हणजे खनिजांच्या भुकटीचं, उलटं. चार दिवसांत कॅन भरलेली बघायची असेल, तर हे घेऊच नका. दूध फारसं हललं नाही. पण कालवडी भिंती आणि दावं चाटायच्या, ते थांबलं. वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहणाऱ्या गाई गाभण राहिल्या, माज स्पष्ट दिसू लागला. एक माज हुकला म्हणजे एकवीस दिवसांचा खुराक फुकट, हे धरलं तर माझ्या मते गोठ्यातली सर्वांत फायद्याची पिशवी हीच. वाडे चारणाऱ्यांनी तर टाळूच नये, कारण वाड्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि ते गाईच्या अंगी लागत नाही. घेताना फॉस्फरसचा आकडा बघा. स्वस्त पोत्यात चुनखडीची पावडर भरपूर आणि फॉस्फरस नावाला असतो, कारण महाग तोच. चांगल्या मिक्श्चरमध्ये कॅल्शियम २० टक्क्यांच्या आसपास आणि फॉस्फरस १२ च्या आसपास असतो. तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन लिहिलेलं नसेल तर ते पोतं दुकानातच राहू द्या.

बायपास फॅट म्हणजे बहुधा पामतेलातल्या आम्लांचं कॅल्शियमशी केलेलं मीठ. पहिल्या पोटात ते विरघळत नाही, पुढच्या आम्लाच्या पोटात सुटतं. म्हणून तेलासारखं जंतूंना मारून चाऱ्याचं पचन बिघडवत नाही. वास साबणासारखा. निम्म्या गाईंनी गव्हाणीतून तोंड फिरवलं, मग चिमूटभरापासून सुरुवात करून गुळाच्या पाण्यात कालवत नेलं. नुकत्याच व्यालेल्या, वीस लिटरच्या वर देणाऱ्या गाईला रोज १५०–२०० ग्रॅम दिलं तर ती खंगत नाही, पाठ भरलेली राहते, दूधही टिकतं. दहा-बारा लिटरच्या गाईला देणं म्हणजे पैसे शेणात घालणं. आम्ही व्याल्यापासून तीन महिने देतो आणि बंद करतो.

लिव्हर टॉनिक आणि ‘दूध वाढवणारी’ बाटली यांवर फार लिहिण्यासारखं नाही. आजारातून उठलेल्या गाईला डॉक्टरांनी सांगितलं तर टॉनिक द्यावं. रोजच्या धारेत काही दिसलं नाही. तेवढ्या पैशात एक पोतं सरकी पेंड येते, आणि तिचा परिणाम कॅनमध्ये दिसतो.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. व्यायला तीन आठवडे राहिले की गाभण गाईला सोडा आणि वरचं कॅल्शियम दोन्ही बंद. त्या काळात कॅल्शियम भरपूर मिळालं की हाडांतून ते ओढून घ्यायची तिच्या शरीराची सवय मोडते, आणि व्याल्यावर चीक सुटताच गाय थंड पडून बसते. म्हणून गाभण गाई आम्ही गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधतो, त्यांचं आंबोण वेगळ्या घमेल्यात कालवतो. लिक्विड कॅल्शियम पाजायचं ते व्याल्यावर, गाय उभी असताना, डोकं फार वर न उचलता.