मलार्डच्या नावावर माझे ५९८.४० डॉलर गेले

पैसे गेल्याचा राग आहेच, पण जास्त झोंबतंय ते वेगळंच. चौदा वर्षं मी गिटारसाठी ट्यूब ॲम्पच (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर) वाजवतोय, मित्र ट्यूब घ्यायच्या आधी मला फोन करतात, आणि फसलो कोण तर मीच. दोन महिने घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितोय कारण ज्याने मला बनावट मलार्ड ट्यूब विकल्या तोच माणूस तोच माल पुन्हा विकायला बसलाय. व्यवहार डॉलरमध्ये झाला, म्हणून हिशेबही डॉलरमध्येच देतो.

माझा ॲम्प पन्नास वॉटचा. स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवरच्या भागात दोन ईएल३४ ट्यूब, गिटारचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या प्रीॲम्पमध्ये तीन ईसीसी८३. (१२एएक्स७ म्हणा, तीच ट्यूब. एक अमेरिकी नाव, दुसरं युरोपी.) आवाजात कडकड यायला लागली होती. आज कळतंय की बिघडलेली ट्यूब एकच होती, इनपुटजवळची पहिली ईसीसी८३. एक चांगली ट्यूब हाताशी ठेवून पाळीपाळीने प्रत्येक जागी लावून बघितली असती तर दहा मिनिटांत सापडली असती. ते न करता मी ठरवलं की पाचही बदलायच्या, आणि बदलायच्याच आहेत तर मलार्ड या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या ट्यूब घ्यायच्या.

यात माझी हाव होती असं कुणी म्हणेल. म्हणा. पण काळ आठवा: मार्च २०२२. रशियाने निर्यातबंदी जाहीर केली होती. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल या ब्रँडच्या ट्यूब, आणि आज ‘मलार्ड’ नावाने जो नवा माल मिळतो तोसुद्धा, सगळा रशियातल्या सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून येतो. मग उरलं कोण? स्लोव्हाकियातली जेजे ही कंपनी आणि चीन. जिथे बघावं तिथे ‘स्टॉक संपला’, आणि माझं रेकॉर्डिंग तीन आठवड्यांवर आलेलं. लोकांना घाई आहे हे या भामट्यांना बरोबर कळतं.

एका लिलावाच्या साइटवर तो विक्रेता सापडला. ‘न वापरलेला जुना साठा, मलार्ड ईएल३४ एक्सएफ२, मॅच्ड जोडी’, ३४० डॉलर. सोबत तीन मलार्ड ईसीसी८३, प्रत्येकी ९२. पोस्टेज ४४. एकूण ६६०. विक्रेत्याला शेकडो चांगले अभिप्राय होते. ते सगळे फुटकळ स्वस्त वस्तूंवरचे होते हे मी नंतर एकेक उघडून पाहिलं. तुम्ही आधी उघडा.

आता तो क्षण. जाहिरातीतला तो फोटो मी आजही उघडून बघतो आणि डोकं भणाणतं. हिरव्या कापडावर आडव्या ठेवलेल्या दोन ईएल३४. काचेवर पांढरा मलार्डचा शिक्का, अक्षरांच्या कडा इतक्या रेखीव की काल छापल्यासारख्या. आणि खाली, बेसच्या जरा वर, जिथे राखाडी रंगाचा बारीक कोड असायला हवा, तिथे काच कोरी.

कोड म्हणजे काय ते जाणकारांना सांगायला नको. नवीन मंडळींसाठी सांगतो: मलार्डच्या ट्यूबवर दोन ओळी असतात. वरच्या ओळीत ट्यूबचा प्रकार आणि आवृत्ती, ईएल३४ ला ते ‘एक्सएफ२’ वगैरे. खालच्या ओळीत पहिलं अक्षर कारखान्याचं, ब्लॅकबर्नसाठी ‘बी’, मग वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचं अक्षर, मग आठवडा. जाहिरातीत ‘एक्सएफ२’ लिहायचं तर ते याच कोडवरून. काचेवर कोडच नाही, मग त्याने एक्सएफ२ वाचलं कुठून?

मी विचारलं होतं! मेसेज अजून आहे माझ्याकडे. ‘कोड दिसत नाही, जवळून फोटो पाठवा.’ त्याचं उत्तर: ‘पन्नास-साठ वर्षांचा माल आहे, हाताळून पुसला गेलाय.’ आणि मी ‘ठीक आहे’ लिहिलं. अरे, खऱ्या मलार्डचा पांढरा शिक्का इतका कच्चा असतो की अंगठ्याने चोळला तरी निघतो. कोड त्या मानाने कितीतरी चिवट. हाताळून काही जायचंच तर आधी शिक्का जाईल. इथे जे जायला हवं ते ताजं, जे टिकायला हवं ते गायब, आणि तेही दोन्ही ट्यूबवर. मला हे माहीत होतं. नव्याने शिकलो असं काहीच नाही यात. समोर दिसत होतं आणि मी मान फिरवली. कोडचा स्पष्ट फोटो नसेल तर पुढे एक अक्षर बोलू नका, विषय तिथेच संपवा.

मग त्याने नेहमीचा डाव टाकला. साइटबाहेर पैसे दिले तर ट्यूबवर दहा टक्के सूट, ६१.६० कमी. ‘मित्राला पाठवतो’ या प्रकारात पैसे टाका, म्हणजे कमिशन वाचेल. तुम्ही सगळे ओळखता हा प्रकार, मीही ओळखतो. पण त्याच्याशी चार दिवस बोलणं झालं होतं, तो बायसबद्दल (ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते ठरवणारी सेटिंग), ट्रान्सफॉर्मरबद्दल नीट बोलत होता, आपल्यातलाच वाटला. ५९८.४० पाठवले.

माल आला, त्यामुळे सुरुवातीला शंकाही आली नाही. रिकामी पेटी आली असती तर निदान त्याच दिवशी कळलं असतं. प्रत्येक खोक्यावर ‘१०५ टक्के’ लिहिलेली चिठ्ठी. असल्या चिठ्ठीला काही अर्थ नाही. साध्या एमिशन टेस्टरचा काटा हिरव्यात गेला म्हणजे कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघताहेत एवढंच. कुठल्या व्होल्टेजला किती मिलिअँप, हा आकडा मागा. तो म्हणाला होता, मी मॅच करून दिल्यात, तुम्हाला बायस करायची गरज नाही. धडधडीत खोटं. मॅच्ड म्हणजे दोघी एकमेकींसारख्या. तुमच्या ॲम्पचा फिक्स्ड बायस त्यांच्यासाठी लावावाच लागतो. एरवी मी न मोजता वाजवत नाही. त्या दिवशी रेकॉर्डिंगची रिहर्सल होती, उशीर झाला होता, तशाच लावल्या.

वीसेक मिनिटांनी घुरघुर सुरू झाली, मग जळका वास. मागे वाकून बघतो तर उजव्या ईएल३४ च्या आतली धातूची प्लेट निखाऱ्यासारखी लाल. झडप घालून स्टँडबायचा स्विच पाडला. स्क्रीन रेझिस्टर काळा पडला होता. आणखी दोन मिनिटं गेली असती तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला असता.

ॲम्प दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी आधी माझ्याच ॲम्पवर संशय घेतला आणि ते बरोबरच होतं. कपलिंग कपॅसिटर तपासले, रेझिस्टर बदलला, माझ्या जुन्या ईएल३४ लावून मोजलं: ३४ आणि ३६ मिलिअँप. ॲम्प ठणठणीत. मग त्याच बायसवर ही ‘मॅच्ड’ जोडी: एक २७, दुसरी ६८. माझ्या ॲम्पमध्ये प्लेटला ४५० व्होल्ट आहेत. ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट, त्याच्या सत्तर टक्के धरले तर एका ट्यूबला ३९ मिलिअँपच्या आत राहायचं. ६८ म्हणजे तीस वॉटच्या वर. लाल होणार नाही तर काय!

काकांनी ट्यूब तोंडाजवळ धरली आणि काचेवर हा करून वाफ सोडली. वाफ बसली तशी मलार्डच्या शिक्क्याखाली दुसऱ्या शिक्क्याची पुसट सावली उमटली, दोन सेकंद, आणि विरून गेली. मी पुन्हा वाफ सोडली, पुन्हा तेच. जुना ठसा पुसून त्यावर नवा मारलेला. तपकिरी बेसवर नख ओढलं तर रंग निघून खाली काळा. पिनांवर सॉकेटमध्ये घातल्याचे ओरखडे. ‘न वापरलेला साठा’! वरची गेटरची चांदी (उरलीसुरली हवा शोषायला काचेच्या आत दिलेला थर) चकचकीत आहे हा त्याचा पुरावा होता; पण चांदी पांढरी पडली नाही म्हणजे आत हवा शिरलेली नाही, एवढंच. ट्यूब किती तास चालली, कुणी बनवली, हे त्यातून कळत नाही.

ईसीसी८३ चं लवकर सांगतो. एक बरी, एक पेन्सिलने टिचकी मारली की स्पीकरमधून घंटेसारखी वाजणारी, आणि तिसरी मुळात ईसीसी८२. पिना त्याच, हीटर तोच, म्हणून मुकाट चालते. पण ईसीसी८३ चा सिग्नल वाढवण्याचा गुणक १००, हिचा १७ ते २०. आवाजात दम का नाही म्हणून मी गिटारचे पिकअप तपासत बसलो होतो.

आता दाद मागायची कुठे? लिलावाची साइट म्हणते, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, आम्ही काही करू शकत नाही. विक्रेत्याने त्यांच्याच साइटवर खोटा माल मांडला, त्यांच्याच मेसेजमध्ये मला बाहेर नेलं, ते मेसेज त्यांच्याकडे आहेत, तरी ‘आम्ही काही करू शकत नाही’. पैसे पाठवणारी कंपनी म्हणते, मित्राला पाठवलेल्या पैशांना संरक्षण नाही. ते कळवायलाही अकरा दिवस आणि तीन वेगवेगळे तक्रार क्रमांक, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगा. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. हो, मीच केला! चोराने बंदूक लावली असती तर तुम्ही काय विचारलं असतं, खिशात हात कुणी घातला? पोलीस ठाण्यात पावणेतीन तास बसवून ठेवलं. समोरच्या माणसाने ट्यूब हातात फिरवून विचारलं, ‘एवढ्या पैशांचे बल्ब कशाला घेतले?’ आणि माल मिळालाय म्हणजे फसवणूक कशी, असं म्हणून अर्ज बाजूला सारला. बनावट शिक्का मारलेली वस्तू माझ्या हातात होती, फोटो होते, काकांनी लिहून दिलेले आकडे होते. एकानेही ती काच उजेडात धरून पाहिली नाही. चार ठिकाणी मिळून मी तेवीस मेल लिहिले. त्यातल्या अठरांना जे उत्तर आलं ते ठरावीक छापाचं.

दुरुस्ती आणि साध्या नव्या ट्यूब धरून वर २१३ गेले. एकूण ८११.४०. नव्या ट्यूब लावल्या, बायस ३६ ला ठेवला, रेकॉर्डिंग झालं आणि आवाज छान आला.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, जोडीची किंमत आता ३९० डॉलर, पण कापड तेच हिरवं आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यातला डागही तोच. मी साइटला कळवलं, अजून जाहिरात तशीच आहे. त्या फोटोतली जोडी तुमच्याकडे आली असेल तर ॲम्पमध्ये लावू नका. लावली असेल तर बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. स्वतः आत हात घालू नका, प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. आणि पैसे अजून पाठवले नसतील तर त्याच्याकडे फक्त कोडचा फोटो मागा.