बदनाम बस्ती लावायचा की उंबरठा?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मित्राच्या गच्चीवर जुना क्वियर, म्हणजे समलिंगी ओढीचा, पिक्चर दाखवायचं ठरलंय, वाद एवढाच की 'उंबरठा' की 'बदनाम बस्ती'.

'उंबरठा' १९८२चा, बडोद्याच्या आई-काकूंनी स्मिता पाटीलसाठी पाहिलेला, 'सुन्या सुन्या मैफिलीत' तोंडपाठ, पण महिलाश्रमातल्या एकमेकींवर प्रेम करणाऱ्या त्या दोघी विचारा, कुणाला आठवत नाहीत! आणि त्या दिसतात त्यासुद्धा एक भानगड म्हणूनच, त्यांचं स्वतःचं म्हणणं काय ते राहूनच जातं.

'बदनाम बस्ती' ११ वर्षं आधीचा, प्रेम कपूरचा, कमलेश्वरांच्या कादंबरीवरून. ड्रायव्हर सरनाम, त्याची बन्सरी नावाच्या बाईवरची ओढ आणि शिवराज या तरुणावरचीही, आणि कॅमेरा कुणाला आरोपी करत नाही, नुसता बघत राहतो. प्रिंट कित्येक वर्षं गायबच, २०१९ मध्ये सापडली ती थेट बर्लिनच्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे आपला वारसा सांभाळला जर्मनांनी. गोष्ट मागेपुढे उड्या मारते, मधेच चहा करायला उठलात तर गेलात कामातून.

माझं मत बदनाम बस्तीला. (चित्रकार भूपेन खख्खर आपल्याच गावात राहून हे सगळं उघड रंगवत होते, मग आपण कशाला लाजायचं?) उंबरठा नंतर घरच्यांसोबत बघू, गुजराती मंडळी आली तर त्याचं हिंदी 'सुबह' आहेच.