घनता आणि पार्किंगचे नियम: किमान, कमाल की काहीच नको?

डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, हरकती-सूचना देताना बहुतेक जण घनतेचं पान वेगळं वाचतात आणि पार्किंगचा तक्ता वेगळा, पण प्लॉटवर किती घरं बसणार हे बऱ्याचदा तो पार्किंगचा तक्ताच ठरवतो.

हिशोब करून बघा. १००० चौरस मीटरचा प्लॉट, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) २, म्हणजे २००० चौरस मीटर बांधकाम, त्यात ५० चौरस मीटरची ४० घरं (जिने-पॅसेज सध्या सोडून देऊ). गाडी उभी राहायला साधारण १२.५ चौरस मीटर लागतात, पण वळायची जागा आणि रॅम्प धरला की २५ ते ३० होतात. घरामागे एक गाडी म्हटली की १००० ते १२०० चौरस मीटर, म्हणजे अख्खा प्लॉट पार्किंगलाच गेला! मग बेसमेंट खणा नाहीतर पोडियम (घरांच्या खाली पार्किंगचे मजले) चढवा, आणि तो खर्च ज्याच्याकडे गाडीच नाही त्याच्याही घराच्या किमतीत येतो. त्यापेक्षा बिल्डर १०० चौरस मीटरची २० घरं काढतो, पार्किंग निम्म्यावर येतं आणि छोटं घर शोधणारा शहराच्या कडेला फेकला जातो.

घनता मोजायची कशी, तर हेक्टरी किती घरं किंवा एफएसआय. हेक्टरी घरांवर मर्यादा घातली की पाणी-ड्रेनेजचा अंदाज बांधायला सोपं जातं हे खरं, पण इथेही तेच होतं, घरांचा आकडा ठरलेला म्हणून प्रत्येक घर मोठं काढतात. म्हणून मी एफएसआयच्या बाजूने आहे, फक्त पाइपलाइनची क्षमता वेगळी तपासायलाच हवी. आणि एफएसआय वाढला की टॉवरच येणार ही भीती सोडा, एफएसआय २ मध्ये अर्धा प्लॉट व्यापला तर चारच मजले होतात, पाव व्यापला तर आठ.

आता पार्किंग. किमान अट म्हणजे घरामागे इतकं पार्किंग बांधायलाच हवं, कमाल मर्यादा म्हणजे इतक्यापेक्षा जास्त बांधायचं नाही. किमान अटीने शेजारपाजारच्यांना धीर मिळतो, पण गरज नसली तरी ते बांधावंच लागतं. लंडनने २००४ मध्ये किमान अट काढून कमाल मर्यादा आणली आणि नव्या घरांमागचं पार्किंग बरंच कमी झालं, पण ते मुख्यतः किमान अट गेल्यामुळे, कमाल मर्यादेचा वाटा त्यात थोडाच. मेक्सिको सिटीनेही २०१७ मध्ये किमानऐवजी कमाल केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बफेलोने शहरभर किमान अटच उडवली, न्यूझीलंडच्या सरकारने २०२० मध्ये आपल्या मोठ्या शहरांना तेच करायला सांगितलं. आणि अट काढली म्हणजे पार्किंगवर बंदी आली असं नाही हो, ज्याला विकत घ्यायचंय त्याच्यासाठी बिल्डर बांधतोच!

माझ्या मते मेट्रो-बसच्या पट्ट्यात कमाल मर्यादा ठेवा आणि बाकीकडे किमान अट काढा, पण त्याआधी रस्त्याच्या कडेचं फुकट पार्किंग बंद करा, नाहीतर इमारतीत न बांधलेलं सगळं रस्त्यावर येईल आणि वर्षभरात लोक जुना नियम परत मागतील. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी गाडी घेताना घरापासून २ किलोमीटरच्या आत जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे जागेची जबाबदारी गाडीवाल्याची, घर बांधणाऱ्याची नाही. मला हे सगळ्यात न्याय्य वाटतं.

कुठलाही पर्याय घ्या, दिव्यांगांच्या गाड्यांची जागा, सायकल स्टँड आणि फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता यांची किमान अट मात्र हलवू नका, मसुद्यात ती वेगळ्या कलमात टाकून घ्या.